अल्को गेली, विजेची तार आली, आता पॅसेंजरचं बघा

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय छापलाय 'सोलापूरला लोकल: गरज आणि शक्यता', त्यावर बोलणारच आहे, पण आधी थोडं इंजिनांबद्दल बोलू द्या, कारण इंजिन कळल्याशिवाय लोकलचं गाडं कुठं अडलंय ते कळत नाही असं माझं ठाम मत आहे. आणि समोर आपल्या रेल्वे लाईन्स वसाहतीत लहानाची मोठी झालेली बरीच मंडळी दिसतायत, त्यांच्यासमोर अल्कोचं नाव न घेता उतरलो तर ती मला स्टेशनपर्यंत सुखानं जाऊ देणार नाहीत.

तर अल्को, म्हणजे आपलं जुनं डिझेल इंजिन. अमेरिकेतल्या स्केनेक्टडीच्या अल्को कंपनीचं डिझाईन, १९६२ पासून ही इंजिनं आपल्याकडं यायला लागली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनायला लागली. मॉडेलचं नाव डब्ल्यूडीएम-टू, सोळा सिलिंडर, २६०० हॉर्सपॉवर. मूळ अमेरिकन कंपनी १९६९ मध्ये बंद पडली तरी आपल्याकडं ह्या घराण्यातली इंजिनं त्यानंतर कित्येक दशकं बनत राहिली, पुढं ३१०० हॉर्सपॉवरची थ्री-ए आली, ३३०० ची थ्री-डी आली. आपल्या लाईनीवर काय मेल, काय पॅसेंजर, काय मालगाडी, सगळं ह्यांनीच ओढलं.

सुटताना काळा धूर का यायचा ते सांगतो, कारण लोक म्हणतात इंजिन जुनं झालं म्हणून धूर. तसं नाहीये. ड्रायव्हरच्या हातात आठ नॉचचा, म्हणजे आठ टप्प्यांचा हँडल असतो. नॉच वाढवला की डिझेल लगेच जास्त जातं, पण हवा ढकलणारा टर्बो फिरतो तो इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर, त्याला वेग घ्यायला थोडा वेळ लागतो, तेवढा वेळ डिझेल जास्त आणि हवा कमी, म्हणून काळा लोट. मग टर्बोची शिट्टी चढत जाते आणि धूर विरळ होतो. एक नंबर प्लॅटफॉर्मच्या टोकाला उभं राहिलं की हे सगळं क्रमानं दिसायचं आणि पायाखालचा प्लॅटफॉर्म थरथरायचा. नंतर आलेली जीएमची, म्हणजे जनरल मोटर्सच्या डिझाईनची इंजिनं टू-स्ट्रोक, त्यांचा आवाज एकसुरी, ताकद जास्त हे मान्य, पण उभ्या अल्कोची ती थांबत थांबत चाललेली धडधड त्यांना नाही, आणि मला ती अजूनही ऐकावीशी वाटते.

बार्शी लाईट रेल्वेचं दोन वाक्यात सांगतो, नाहीतर कुर्डुवाडीकर रागावतील. १८९७ ला एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्या इंग्रज इंजिनिअरनं कुर्डुवाडी ते बार्शी अडीच फुटी लाईन सुरू केली, ती पुढं पंढरपूर, लातूर आणि १९२७ ला मिरजेपर्यंत गेली. जवळच्या जवळ जाणारा माणूस, बाजाराचा माल आणि वारकरी, ह्यांच्या जीवावर चाललेली रेल्वे होती ती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता माझं दुखणं. मी बरीच वर्षं कुर्डुवाडी–सोलापूर पासावर ये-जा केली. सकाळची पॅसेंजर, डब्यात दुधाचे कॅन, कॉलेजची पोरं, कोर्टाच्या तारखेला निघालेली माणसं. एकदा अनगरहून एक मुलगी चढली, बारावीची प्रॅक्टिकल होती तिची, मांडीवर जर्नल उघडं ठेवून शेवटची आकृती पूर्ण करत होती. मोहोळला गाडी लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर घेतली, एक्सप्रेस पुढं काढली. पाकणीला परत लूप, परत एक एक्सप्रेस, तिच्यामागं मालगाडी. शेवटी सोलापूरच्या आधीच्या बाळे स्टेशनच्या होम सिग्नलला, म्हणजे स्टेशनात शिरायच्या आधीच्या सिग्नलला, गाडी उभी राहिली ती राहिलीच, समोर सोलापूर दिसतंय आणि गाडी हलत नाही. माणसं खडीवर उड्या मारून उतरली, ती पण उतरली, जर्नल पिशवीत, चप्पल हातात, रिक्षा मिळेल म्हणून हायवेकडं पळत गेली. दुसऱ्या दिवशी भेटली तेव्हा म्हणाली, काका, बॅच संपली होती. मी एका कार्यालयात लेखी तक्रार दिली. उत्तर आलं की गाडीला फारसा उशीर नव्हता. आणि कागदावर ते खरंच होतं! कारण वेळापत्रकात शेवटच्या टप्प्याला जादा मिनिटं घालून ठेवलेली असतात, रस्त्यात वाटेल तितकी रखडवा, शेवटी गाडी जवळपास वेळेवर. पॅसेंजरचा माणूस हिशोबात धरलेलाच नाही, ह्याचा मला आजही राग येतो. कोविडनंतर तर पॅसेंजरला एक्सप्रेसचं भाडं लावलं, दहाच्या जागी तीस रुपये, ते २०२४ मध्ये कमी झालं, पण तोवर किती माणसं जीपकडं आणि मोटारसायकलीकडं गेली, ती परत आली का बघा.

दहा मिनिटं राहिल्याची चिठ्ठी आलीय, तर मुख्य मुद्दा पटपट घेतो.

आधी आपल्याला सांगायचे सिंगल लाईन आहे, क्रॉसिंग आहे, डिझेल आहे. आता काय? दौंड–सोलापूर दुहेरी झालं, २०२२ मध्ये भिगवण–वाशिंबेचा शेवटचा तुकडा पण झाला. विजेची तार पण आली. १० फेब्रुवारी २०२३ पासून मुंबईची वंदे भारत धावतेय, चांगली गोष्ट आहे, पण ती माढ्याच्या किंवा दुधनीच्या पोराची गाडी नव्हे.

आपल्याला पाहिजे मेमू, म्हणजे वेगळं इंजिन नसलेली, विजेवर चालणारी लोकलसारखी गाडी, बार्शी लाईटसारखीच जवळच्या जवळ जाणाऱ्या माणसाची. डिझेल इंजिन पूर्ण रेक, म्हणजे सगळे डबे, एकटं ओढायचं, त्यामुळं दर थांब्याला वेग घ्यायला मिनिटं जायची. मेमूत मोटारी रेकमध्ये विभागलेल्या असतात, ती पटकन उचलते, म्हणजे थांबे जास्त असले तरी एक्सप्रेसच्या वाटेत कमी वेळ येते. दोन्ही टोकाला केबिन, शेवटच्या स्टेशनला इंजिन काढून फिरवायचा खटाटोप नाही, प्लॅटफॉर्म लवकर मोकळा. कुर्डुवाडी–सोलापूर–अक्कलकोट रोड–दुधनी अशी एकच गाडी सलग, सकाळी दोन्हीकडून ऑफिस-कॉलेजच्या वेळेला सोलापूर गाठणारी, संध्याकाळी परत. होटगीचे कामगार त्यातच येतील. देखभालीला जागा लागेल, ती अडचण खरी आहे, पण ती सोडवता येणारी आहे.

आणि एक अल्को सोलापुरात जपून ठेवा, स्टेशनसमोर, माहितीच्या पाटीसकट.

शेवटचं, आणि हे तुमच्या हातातलं आहे. थांबा मागायला गेलं की पहिला प्रश्न येतो त्या स्टेशनवर तिकीटविक्री किती. त्यामुळं बाळ्याला, पाकणीला चढत असाल तर तिकीट तिथलंच काढा, पास तिथूनच करा, सोलापूरहून काढलेला दाखवू नका. निवेदनाचे कागद मागच्या टेबलावर ठेवलेत, सहीसमोर चढण्याचं स्टेशन आणि गाडीची वेळ लिहा, नुसती सही नको. हां, आता प्रश्न घेऊ.