तपकिरीवर तपकिरी

[बोटांत धरलेली काच, दिव्यासमोर]
तळपायावरच्या काळ्या डागाचा हा तुकडा. आपल्याकडे मेलॅनोमा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कर्करोग, एकूण कमीच. पण होतो तेव्हा तळपाय ही त्याची नेहमीची जागा. रोजच्या एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन-इओसिन) रंगात पेशी वेड्यावाकड्या दिसतात, त्या मेलॅनोसाइट, म्हणजे रंगपेशीच, आहेत का, हे मात्र प्रत्येक वेळी ठरत नाही. म्हणून आयएचसी, म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री: ठरावीक प्रथिनाला चिकटणाऱ्या अँटिबॉडीने पेशी रंगवणं.

[मायक्रोटोम, पातळ काप काढणारं यंत्र, जवळून]
तुकडा मेणात बसवलेला ब्लॉक बर्फावर गार केलाय. चाक फिरतं, ३ ते ४ मायक्रॉनच्या कापांची (सेक्शनची) रिबन सुटते आणि कोमट पाण्यावर पसरते. ती चार्ज्ड, म्हणजे काप घट्ट धरणाऱ्या, स्लाइडवरच उचलायची. साध्या काचेवरून सेक्शन पुढच्या उकळीत वाहून जातो. तळपायाचा जाड शिंगी थर तर सगळ्यात आधी सुटतो. ६० अंशांवर तासभर ओव्हन, मग झायलीन, उतरतं अल्कोहोल, पाणी.

[वाफ, प्रेशर कुकर]
तुकडा टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनने प्रथिनांना मारलेल्या गाठी इथे सुटतात. ट्रिस-ईडीटीए बफर, पीएच ९. उकळी झाली की बफरमध्येच वीस मिनिटं निवू द्यायचं. यानंतर सेक्शन क्षणभरही सुकता कामा नये. सुकला की कडा खोट्या रंगतात. पुढे पेरॉक्साइड, अँटिबॉडी, रंग उमटवणारं एन्झाइम वाहणारा पॉलिमर, आणि दर टप्प्याला धुणं.

[दोन काचा शेजारीशेजारी]
नीट बघा. ब्लॉक एकच, अँटिबॉडीही एकच: सॉक्स-१०, रंगपेशींच्या केंद्रकातलं प्रथिन ओळखणारी. डावीकडे डीएबी हे क्रोमोजेन (रंग उमटवणारं रसायन), म्हणजे तपकिरी. त्वचेचं रंगद्रव्य मेलॅनिनही तपकिरी. यातला कोणता रंग अँटिबॉडीचा आणि कोणता पेशीचा स्वतःचा? उजवीकडे एईसी, लाल. केंद्रकं एकेक करून मोजता येतात, आणि रंगद्रव्य गिळून बसलेले मॅक्रोफेज (सफाई करणाऱ्या पेशी) आपोआप बाजूला पडतात. गडद त्वचा रोज तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लाल क्रोमोजेन हाताशी असायलाच हवं. एईसी अल्कोहोलमध्ये विरघळतं, तेव्हा वरची काच बसवणारं माउंटिंग पाण्यातलंच. लाल नसेल तर डीएबीनंतर नेहमीच्या निळ्या हिमॅटॉक्सिलिनऐवजी अझुर-बी वापरा. मेलॅनिन हिरवट-निळं होतं, डीएबी तपकिरीच राहतं. परमँगनेटने मेलॅनिन उडवताही येतं, पण त्यात अँटिजेनला, म्हणजे अँटिबॉडी ज्याला चिकटते त्या प्रथिनाला, धक्का बसू शकतो.

[घामग्रंथीची वेटोळी, लाल ठिपके]
गाठीकडे वळण्याआधी इथे थांबायचं. घामग्रंथीच्या स्रावी पेशी सॉक्स-१० घेतात, एस-१०० ही दुसरी अँटिबॉडी सुद्धा. त्या कोऱ्या असतील तर गाठीतल्या निगेटिव्हला काही अर्थ नाही. चाचणी पुन्हा लावा.

[पाच स्लाइड, पाच अँटिबॉडी, ओळीने]
एस-१०० आणि सॉक्स-१० सहसा चुकवत नाहीत, पण नसांच्या गाठीही पकडतात. मेलन-ए आणि एचएमबी-४५ जास्त नेमके. डेस्मोप्लास्टिक (तंतुमय) मेलॅनोमात मात्र दोन्ही बहुधा कोरे. एवढ्यावरून मेलॅनोमा नाही म्हणून मोकळं होणं ही मोठी चूक. साध्या तिळात एचएमबी-४५ वरून खाली फिकट होत जातं. मेलॅनोमात ते खोलवरही तुकड्यातुकड्यांनी उमटतं. आणि ही शेवटची स्लाइड, प्रेम (PRAME). नाव असंच आहे! बहुतेक सगळी केंद्रकं रंगली, तर पारडं मेलॅनोमाकडे झुकतं. तरी काही तीळही रंगतात आणि काही मेलॅनोमा रंगत नाहीत.

[अहवालाचा कागद]
ब्रेस्लो जाडी, म्हणजे गाठ त्वचेत किती खोल गेली ते, मिलिमीटरमध्ये, एका दशांशापर्यंत. शस्त्रक्रियेत किती कड सोडायची, सेंटिनेल नोड (पसरणाऱ्या पेशी सगळ्यात आधी पोचतात ती लसिका ग्रंथी) काढायचा का, हे पुढे त्यावर बेततात. मोजणी मात्र पहिल्या एच अँड ई स्लाइडवरच.