आधी प्लग बघा, मग गाडी

नमस्कार श्रोतेहो. सध्या सोलापुरात कुठल्याही कट्ट्यावर बसा, सात रस्ता असो की जुळे सोलापूर, एक वाद हमखास निघतो. नवी स्कूटर घ्यायचीय, पेट्रोलची घ्यावी की इलेक्ट्रिक? एक म्हणतो, पेट्रोलला आता हात पुरत नाही. दुसरा म्हणतो, आपल्या उन्हात बॅटरी काय टिकणार? दोघांचंही थोडंथोडं खरं आहे. पण दोघंही गाडीकडंच बघत बसतात, भिंतीकडं कुणी बघत नाही. ज्या भिंतीवरच्या प्लगातून ती गाडी रोज रात्री जेवणार आहे, ती भिंत. म्हणून एक वाक्य आज पुन्हा पुन्हा सांगणार आहे. आधी प्लग बघा, मग गाडी.

पण त्याच्याही आधी थोडा तोंडी हिशेब. पेट्रोल १०५ रुपये धरा, वीज १२ रुपये युनिट धरा. पेट्रोलची स्कूटर गावात लिटरला ४५ किलोमीटर देते. इलेक्ट्रिक स्कूटर भिंतीतून घेतलेल्या एका युनिटवर २२ किलोमीटरच्या आसपास जाते. युनिटमधला दहावा हिस्सा चार्जर तापण्यातच जातो, तो धरूनच हा आकडा. आता ज्याचं रोजचं फिरणं ६० किलोमीटर आहे, त्याला पेट्रोल लागतं १४० रुपयांचं आणि वीज लागते ३३ रुपयांची. महिन्याचे २६ दिवस धरले तर अठ्ठावीसशे रुपये वाचतात. आणि ज्याचं फिरणं रोज १२ किलोमीटरच आहे, घर ते नवी पेठ आणि परत, त्याचे महिन्याला साडेपाचशेच वाचतात. इलेक्ट्रिक गाडी २५ हजारांनी महाग पडली, तर पहिल्याचे पैसे नऊ महिन्यांत वसूल, दुसऱ्याला पावणेचार वर्षं. गाडी तीच, कंपनी तीच, पण एकाला परवडते, दुसऱ्याला नाही. अजून एक. ६० किलोमीटरवाल्याच्या बिलात महिन्याला ७० युनिट वाढतात. घरगुती दरात १०० युनिटच्या पुढचा टप्पा बराच महाग आहे, तेव्हा स्वतःचं बिल काढून कुठल्या टप्प्यात जाताय ते आधी बघा.

आता गोष्ट. पूर्व भागातल्या एका घराची आहे, आणि हा सगळा वाद त्या एका घरात मावतो.

कडक भाकरी आणि शेंगा चटणीचा घरचा धंदा. दोघं भाऊ, आई, थोरल्याची बायको. पत्र्याचं घर, पुढं छोटी पडवी. थोरला माल बनवतो, धाकटा पोचवतो. होटगी रोड, विजापूर रोड, जुळे सोलापूर अशी दुकानं, आणि आठवड्यातून दोनदा अक्कलकोट. जाता जाता सांगतो, चटणी उखळातच कुटतात. मिक्सरात शेंगदाण्याचं पीठ होतं, उखळात कुटला की दाण्याचं तेल सुटतं आणि लसूण त्यात मुरतो. सोलापूरचं नाव लावून मिक्सरचं पीठ विकणाऱ्यांनी निदान पाकिटावर तसं लिहावं, एवढं माझं स्पष्ट मत आहे. असो.

धाकट्यानं मार्चअखेर इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. ३ किलोवॉट-तासांची, म्हणजे तीन युनिट वीज मावणारी बॅटरी. पत्रकात लिहिलेलं, एका चार्जवर १२० किलोमीटर. थोरल्याचा विरोध. तो म्हणाला, "अरे, पेट्रोलची काय वाईट हुती? पाच मिनिटांत टाकी भरते." धाकटा म्हणाला, "अण्णा, अक्कलकोट जाऊन येऊन ऐंशी. वर चाळीस शिल्लक राहतेत." कागदावर बरोबर होतं. एप्रिलात गाडी गावातल्या गावात फिरली, कुणाला काही कळलं नाही. मे महिना लागला. ऊन ४२ अंशांच्या वर. मागं साठ किलो माल लादून धाकटा अक्कलकोटला गेला, माल उतरवला, परत निघाला. वळसंगच्या अलीकडं मीटर २२ टक्के दाखवत होता. दोन मिनिटांनी ८ टक्के. आणि गाडी बंद. म्हणजे १२० सांगितलेली गाडी साठ किलोमीटरलाच बसली. भर दुपारी छोटा हत्ती टेम्पो बोलवून, गाडी त्यात चढवून घरी आणली. थोरल्यानं दारातच विचारलं, "काय बे, चाळीस शिल्लक हुते ना?"

सगळ्यांचा निकाल एकच, बॅटरी गेली. पण गॅरेजवाला मिस्त्री शहाणा होता. त्यानं बॅटरीला हात लावला नाही, आधी चाकाला लावला. मागच्या टायरात हवा निघाली १८ पीएसआय. त्या गाडीच्या पुस्तकात, ओझं असेल तर ३४ लिहिलेली. दबलेला टायर रस्त्याला चिकटून चालतो, मोटरला जास्त ओढावं लागतं. मग गाडी मधल्या स्टँडवर लावून, मागून दाबून पुढचं चाक उचललं आणि हातानं फिरवलं. मोकळं चाक निदान चार-पाच फेरे घ्यायला पाहिजे, हे अर्ध्या फेरीत थांबलं. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरची, म्हणजे पॅड दाबणाऱ्या चिमट्याची पिन धुळीनं अडकलेली, पॅड सतत घासत होता. पेट्रोलच्या गाडीत असलं दुखणं महिनोन्‌महिने दबून राहतं, टाकीत पुरेसं पेट्रोल असतं. इलेक्ट्रिकमध्ये ते त्याच दिवशी मीटरवर दिसतं. हवा भरली, पिन साफ करून ग्रीस लावलं, आणि मिस्त्रीनं खरा प्रश्न विचारला. "चार्जिंगला कुठं लावता?"

मिस्त्री स्वतः घरी आला. पडवीत एक जुना एक्स्टेंशन बोर्ड खिळ्याला टांगलेला. आतल्या खोलीतून त्याला वायर आणलेली, मध्ये दोन ठिकाणी नुसता पीळ देऊन वर टेप मारलेली. त्याच बोर्डावर फ्रिज, त्याच बोर्डावर रात्री कूलर. त्यानं बटण बंद केलं आणि चार्जरची पिन उपसली. उपसली म्हणजे ओढून काढावी लागली. तीन पिनांपैकी एक काळी पडलेली, तिच्याभोवतीचं पांढरं प्लास्टिक तपकिरी होऊन फुगलेलं, हलवाईच्या कढईत करपलेल्या साखरेसारखं. नाकाजवळ नेलं की जळका वास. आई म्हणाली, "तो वास मला रोज यायचा, मला वाटलं भाकरीचाच."

आता इथं कारण नीट ऐका. ७५० वॉटचा चार्जर साडेतीन अँपिअरच घेतो. आपला मिक्सरही जवळपास तेवढंच घेतो. मग मिक्सरनं प्लग का जळत नाही? कारण मिक्सर पाच मिनिटं चालतो, चार्जर पाच तास चालतो. सैल सॉकेटात पिन नीट धरली जात नाही, तेवढ्या एका ठिपक्यावर उष्णता साठत जाते. पाच मिनिटांत ती निघून जाते, पाच तासांत प्लास्टिक वितळतं. साडेतीन अँपिअर, पण सलग पाच तास. हे लक्षात ठेवा.

आणि दुसरी गोष्ट. रात्री बोर्डावर कूलर, म्हणून धाकटा गाडी दुपारी लावायचा. अडीचला उन्हातून यायचा, आल्या आल्या पत्र्याखाली चार्जिंगला, सहाला काढायची. लिथियमची बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर तापलेली असेल तर आतलं संरक्षणाचं सर्किट, ज्याला बीएमएस म्हणतात, ते चार्जिंग कमी करतं किंवा थांबवतं. बरोबरच करतं, नाही तर सेल खराब होतील. पण परिणाम काय? सहाला गाडी ८० टक्क्यांवर निघायची. सलग सहा आठवडे गाडी एकदाही पूर्ण भरली नाही. पूर्ण भरल्यावरच बीएमएस सगळे सेल एका पातळीवर आणतं. ते झालंच नाही, म्हणून मीटरचा अंदाज चुकला आणि २२ वरून एकदम ८ वर आला. बॅटरी चांगली होती. उपाशी होती.

मग वायरमन आला. मीटरच्या बोर्डापासून थेट पडवीपर्यंत अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढली, मध्ये एकही जोड नाही. १६ अँपिअरचं सॉकेट, त्याला स्वतंत्र १६ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त वीज ओढली की आपोआप पडणारं बटण, आणि ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी, म्हणजे शॉक बसला तर जिवावर बेतायच्या आत वीज तोडणारं. शेवटी अर्थिंग तपासलं, तेही आरसीसीबीच्या आधीच्या फेजवरून, नाही तर ते लगेच वीज तोडतं. बल्बची एक वायर फेजला, दुसरी न्यूट्रलला, बल्ब लख्ख. दुसरी वायर अर्थला लावली, बल्ब मिणमिणता. म्हणजे अर्थिंग नावाला होतं. खड्ड्यातली माती उन्हाळ्यात वाळून भेगाळलेली. मीठ-कोळसा नवीन भरला, आणि वायरमननं सांगितलं, उन्हाळाभर आठवड्याला दोन बादल्या पाणी घाला. वैनी म्हणाल्या, "नळ चार दिवसांआड, आणि खड्ड्याला पाणी घालू?" त्यांचं काय चुकलं? उजनी धरण भरलेलं असतानाही सोलापूरच्या बायकांना पाण्याचा वार पाठ करावा लागतो, याची चीड यायलाच पाहिजे. शेवटी भाकरीचं पीठ मळलेली परात धुतलेलं पाणी खड्ड्यात जाऊ लागलं.

वेळही बदलली. आता गाडी रात्री अकराला लागते, पहाटे निघते. ओळीनं तीन रात्री शंभर टक्के भरली आणि मीटर ताळ्यावर आला. माल लादून ८० किलोमीटर मिळायला लागले. ऐका, ८०. १२० नाही. ते १२० चाचणीतले, रस्त्यावर त्याचे दोन-तृतीयांश धरून चालावं. मग अक्कलकोटचं काय? जाऊन येऊन ८०, म्हणजे काठावर. धाकट्यानं तिथल्या गिऱ्हाईक दुकानदाराकडं चार्जर लावायची सोय केली. माल उतरवून, हिशेब करून, जेवून दीड तास जातोच. दीड तासात एक युनिट, म्हणजे वीसेक किलोमीटर. त्याचे वीस रुपये दुकानदाराला. आणि थोरल्याची पेट्रोलची स्कूटर? ती विकली नाही. तुळजापूरच्या ऑर्डरला, चढावर दुप्पट माल घेऊन तीच जाते. दोघं भाऊ आता भांडत नाहीत, कारण दोघांच्याही गाडीला काम आहे. तर श्रोतेहो, आधी प्लग, मग गाडी.

वेळ थोडा राहिलाय, बाकीचं भराभर सांगतो. बॅटरीचा प्रकार विचारून घ्या. लिथियमच्या बॅटरीत मुख्य प्रकार दोन. एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टची, हलकी असते; एलएफपी, म्हणजे लोह-फॉस्फेटची, जड असते, पण उष्णता जास्त सोसते आणि जास्त वेळा भरता येते. सोलापूरच्या हवेत निवड असेल तर एलएफपी घ्या. ताशी २५ किलोमीटरच्या, लायसन्स न लागणाऱ्या स्वस्त गाड्यांत अजून शिशाच्या बॅटऱ्या येतात, १२ व्होल्टच्या चार-पाच ओळीनं. त्या आपल्याकडं वर्ष-दीड वर्षात बदलाव्या लागतात, तो खर्च किमतीत धरा. आणि गाडीला आवाज नाही म्हणून नवी पेठेत हॉर्न दाबून धरू नका, सावकाश चालवा.

बाजाराचं म्हणाल तर देशात २०२४-२५ मध्ये विकलेल्या शंभर दुचाकींत इलेक्ट्रिक सहाच्या आसपास होत्या. तीनचाकीत मात्र निम्म्याहून जास्त. का? रिक्षाचं रोजचं फिरणं मोठं, वेग कमी, रात्री गाडी एका जागी उभी. हिशेब आपोआप जमतो. केंद्राचं अनुदान तर उतरतच आलंय. दुचाकीला किलोवॉट-तासाला १५ हजार होतं, जून २०२३ मध्ये १० हजार झालं, एप्रिल २०२४ मध्ये ५ हजार, एप्रिल २०२५ मध्ये अडीच हजार. जीएसटी इलेक्ट्रिकला ५ टक्के, आणि ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकीला सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ वर आला, म्हणजे तोही फरक घटला. माझ्या मते हे चांगलंच झालं. आता अनुदानाच्या घाईनं नाही, स्वतःच्या किलोमीटरवर गाडी घेतली जाईल. घेताना दोनच गोष्टी विचारा. वॉरंटीत बॅटरीची क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर बदलून मिळेल, ते लेखी आहे का? आणि मोटरला वीज पुरवणारा कंट्रोलर सोलापुरात शिल्लक आहे का, की पुण्याहून यायची वाट बघायची?

आणि गाडी बुक करायच्या आधी घरी एक चाचणी करा. जिथं गाडी लावणार त्याच सॉकेटला पाणी तापवायचा १००० वॉटचा रॉड लावा, बादलीतल्या पाण्यात त्याच्यावरच्या खुणेपर्यंत बुडवून, लहान मुलांना लांब ठेवून. वीस मिनिटं चालू ठेवा. मग बटण बंद करा, पिन काढा, आणि पिनेला बोट लावून बघा. थंड असेल किंवा जेमतेम कोमट, तर शोरूमला जा. बोट टेकवत नसेल, तर आधी वायरमनला फोन करा. नमस्कार.