७२ पायऱ्या आणि हुकाचा काटा

(श्टुटगार्टमधल्या मराठी मंडळींच्या पाडव्याच्या कार्यक्रमात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित.)

मंडळी, पत्रिकेवर माझ्या विषयाचं नाव फार भारदस्त छापलंय: 'पहिली हलकी ई-माउंटनबाइक घेताना: मोटर, बॅटरी, टॉर्क आणि वजन यांचा मेळ'. ते मीच दिलं होतं, तेव्हा तक्रार करायला जागा नाही. पण मुलांचे नाच थोडे लांबले, छानच झाले, आणि ताई आत्ता येता येता कानात सांगून गेल्या की साडेबाराला वडे तळायला घेणार. तेव्हा माझी वेळ संपत आली हे तुम्हाला घड्याळाआधी नाकाला कळेल.

सुरुवात वजनापासून करतो. चांगल्या, पूर्ण ताकदीच्या ई-माउंटनबाइकचं वजन २२ ते २५ किलो असतं. जर्मन माणसाला हे सांगितलं तर तो नुसती मान हलवतो. आपल्याला मात्र २३ किलो म्हणजे काय ते सांगायला नको. डिसेंबरात घरी जाताना भरलेली बॅग, लोणच्याची बरणी येताना असते, जाताना चॉकलेटं, ती २३ किलो. ती जिन्यावरून खाली आणताना कंबर जे बोलते ते आठवा. आता त्या बॅगेला ८० सेंटिमीटर रुंदीचं हँडल, दोन गरगर फिरणारी चाकं आणि तेल लावलेली चेन जोडा. झाली ई-माउंटनबाइक.

गंमत म्हणजे हे वजन या मुलुखाला नवीन नाही. १८१७ साली कार्ल ड्राइस नावाच्या गृहस्थांनी मानहाइममध्ये, म्हणजे इथून गाडीने दीड तासावर, लाकडाचं एक दुचाकी यंत्र रस्त्यावर आणलं. पेडल नाही, चेन नाही, पायाने जमीन मागे ढकलायची. सायकलची पणजी म्हणा. तिचं वजन होतं सुमारे २२ किलो. दोनशे वर्षं माणसं सायकल हलकी करत राहिली, पोलाद गेलं, ॲल्युमिनियम आलं, कार्बन आलं, आणि मग आपण तिला मोटर लावून परत पणजीच्या वजनावर आणून ठेवली.

बाइक घ्यायचं ठरलं तेव्हा साताऱ्याला आईला फोन केला. आमच्याकडे मोठी खरेदी आईला सांगितल्याशिवाय पक्की होत नाही, वय ५१ झालं तरी. किंमत सांगितली नाही, तेवढी अक्कल आहे. आई म्हणाली, "म्हणजे पायडल मारावं लागत नाही का?" म्हटलं, मारावंच लागतं. नाही मारलं तर मोटर बंद. "मग मोटर कशाला?" म्हटलं, आपण मारतो तेवढ्यात ती भर घालते. "म्हणजे वडील मागनं धरून पळायचे तसं?" मंडळी, पेडेलेकची, म्हणजे पायडल मारल्यावरच मदत करणाऱ्या या सायकलची, इतकी नेमकी व्याख्या मी इथल्या कुठल्याही माहितीपत्रकात वाचलेली नाही. कायद्यात तेवढं फक्त आकड्यांत आहे: मोटरची सततची ताकद २५० वॉटपर्यंत आणि ताशी २५ किलोमीटरला वडील हात सोडतात. तेवढं पाळलं की ती कायद्याने सायकलच. नंबरप्लेट नाही, लायसन्स नाही.

आता माझी हकीकत. ज्यांनी ही आधी ऐकलीय त्यांनी हसायची जागा आली की आधी हसू नका.

आम्ही श्टुटगार्ट-वेस्टला जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही. ७२ पायऱ्या, लाकडी, मेण लावलेल्या. दुकानदाराने शुक्रवारी संध्याकाळी २४ किलोची एक बाइक शनिवार-रविवारसाठी वापरून बघायला दिली. दुकानासमोरच्या पार्किंगमध्ये मी तिच्यावर दोन फेऱ्या मारल्या होत्या आणि माझं वय वीस वर्षांनी उतरलं होतं. पार्किंगमध्ये सगळ्यांचंच उतरतं. तिथे चढ नसतो, जिनाही नसतो.

घरी आलो. तळघरात ठेवायची तर खाली उतरणारा जिना एवढा अरुंद की हँडल आडवं अडकलं. म्हणजे वर. साधी सायकल आपण खांद्यावर टाकतो, त्रिकोणात खांदा घालून. या बाइकच्या त्रिकोणात मागच्या चाकाचे धक्के झेलणारा शॉक बसलेला असतो आणि खालची नळी बॅटरीमुळे मांडीएवढी जाड. खांदा घालायला जागाच नाही. मग एक हात सीटखाली, एक हात पुढच्या फोर्कला, नवरा-नवरी हार घालताना मामा उचलून धरतो तशी ती पोटाशी धरून निघालो. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पुढचं चाक आपलं आपण फिरलं आणि पांढऱ्या भिंतीवर टायरचा काळा अर्धचंद्र उमटला. अजून आहे. तिसऱ्या मजल्यावर मी बसलो. चौथ्यावर बायकोने दार उघडलं, आधी बाइककडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाली, "पाणी आणू की ॲम्ब्युलन्स?"

इथवर ठीक होतं. शनिवारी पाऊस. मी मारीएनप्लात्सवरून 'त्साके' पकडून देगरलोखला गेलो. नव्यांसाठी सांगतो, ही १८८४ पासून चालणारी दातेरी रुळांची गाडी, आणि तिच्या पुढे सायकलींसाठी उघडा डबा असतो. पोटात मोटर असलेली बाइक मी तिकीट काढून गाडीने वर नेली, कारण बॅटरी पुरेल की नाही याची भीती. हसा. मग वुडपेकर ट्रेलवरून खाली. मंडळी, काय उतरलो! चिखल कानात गेला होता.

आणि घरी आलो तो खालच्या मजल्यावरच्या आजींचा केअरवोखे. जिना झाडून-पुसून घ्यायची त्या आठवड्याची पाळी त्यांची. दाराच्या कडीला ती पाटी टांगलेली, जिना आरशासारखा, लाकडाला साबणाचा वास. मी चोवीस किलो बाइक आणि साधारण दीड किलो जंगल घेऊन वर चढलो. प्रत्येक पायरीवर एक ढेकूळ. आजी दारात आल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे आपल्या दाराची पाटी काढली, माझ्यामागून चार मजले चढल्या आणि आमच्या दाराला अडकवली. आमची पाळी पुढच्या आठवड्यात होती. "गूटन टाग," म्हणाल्या आणि गेल्या.

रात्री साडेआठला मी आणि बायको ७२ पायऱ्या पुसत होतो. ती एकदाच बोलली, पण ते इथे सांगण्यासारखं नाही.

सोमवारी बाइक परत केली. दुकानदाराला जिन्याचं सांगितलं तर म्हणाला, बाइक उचलायची नसते, चालवायची असते. हे वाक्य म्हणजे माझं जुनं दुखणं आहे. अहो, स्टेशनची लिफ्ट बंद असते. वादळानंतर जंगलात वाटेवर झाड आडवं पडलेलं असतं. आणि श्टुटगार्टमध्ये तर चारशेच्या वर श्टेफेले आहेत, द्राक्षमळ्यांच्या काळापासूनचे जिने, कढईसारख्या खोलगट गावाच्या तळातून काठावर जाणारे. मुंबई १९६८ पासून या गावाची जुळी बहीण आहे. दादरच्या पुलावरून गर्दीच्या वेळी पोतं नेणाऱ्या माणसाला विचारा, उचलायचं नसतं का ते.

शिवाय बारीक पायवाट शोधत लांब जावं लागतं ते वेगळंच. आपल्या बाडेन-वुर्टेमबेर्गमध्ये जंगलात दोन मीटरहून अरुंद वाटेवर सायकलला बंदी आहे. दोन मीटर रुंद म्हणजे बैलगाडी जाईल. माउंटनबाइक घ्यायची आणि बैलगाडीच्या रस्त्याने जायचं. यावर मी स्वतंत्र तासभर बोलू शकतो... नको, ताई बघतायत.

मुद्दा. हलकी ई-माउंटनबाइक म्हणजे साधारण १६ ते २० किलोची. ती चढावर सोपी जाते म्हणून घ्यायची, असं सगळे सांगतात. ते फारसं खरं नाही. इथे निम्मे लोक गाड्यांच्या कंपन्यांत आहेत, गणित करा. मी ७८ किलो. १८ किलोची बाइक धरून ९६, २४ किलोची धरून १०२. पाचशे मीटर उंची चढायला पहिल्यात १३१ वॉट-अवर (हे ऊर्जेचं माप, बॅटरीही यातच मोजतात) लागतात, दुसऱ्यात १३९. फरक आठाचा. तेवढा तर मी सकाळी दोन इडल्या कमी खाऊन काढीन. (काढत नाही, तो भाग वेगळा.) चढावर मोटर ढकलत असताना सहा किलो जाणवतच नाहीत. ते जाणवतात मोटर जिथे काहीच करू शकत नाही तिथे: वळणावर बाइक आडवी पाडताना, मुळावरून पुढचं चाक उचलताना, ताशी २५ च्या पुढे नेकार नदीच्या काठाने घरी येताना, बॅटरी संपल्यावर. आणि जिन्यावर. म्हणून माझं म्हणणं एवढंच: हलकी बाइक डोंगरासाठी घेऊ नका, डोंगर सोडून बाकी सगळ्यासाठी घ्या. तुमच्या आयुष्यात ते 'बाकी' किती आहे ते आधी मोजा. तळमजल्यावर गॅरेज असलेल्यांनी सरळ जड बाइक घ्यावी, स्वस्त पडेल आणि लांब जाईल.

आता कबुली. मी शेवटी १८ किलोची घेतली. घरी आणल्यावर लक्षात आलं की वजन वाचवायला बॅटरी नळीच्या आतच पक्की बसवलीय, रोजच्या रोज काढता येत नाही. तळघरात प्लग नाही. म्हणजे चार्ज करायला अख्खी बाइक चौथ्या मजल्यावर! त्या जड बाइकची बॅटरी चावीने सुटत होती. चार किलोची बॅटरी पिशवीत घालून वर आणली असती आणि बाइक अंगणात पावसाचं कव्हर घालून ठेवली असती. म्हणजे हलकी घेतली म्हणून जिना चढतोय आणि जिना चढायचाय म्हणून हलकी घेतली. तेव्हा दुकानात पहिला प्रश्न टॉर्कचा, म्हणजे मोटरच्या फिरवण्याच्या जोराचा, नको. चार्ज कुठे करणार? तो प्रश्न दुकानदार विचारत नाही, कारण त्याच्या दुकानात सगळीकडे प्लग आहेत.

बरं, वास यायला लागला. मोटर. पटकन.

जड बाइकच्या मोटरचा टॉर्क ८५ न्यूटन-मीटरच्या आसपास किंवा जास्त. हलक्यांमध्ये बॉशची एसएक्स ही मुळात ५५ ची, बॅटरी ४०० वॉट-अवर. बव्हेरियातली टीक्यू एचपीआर-५० ही ५० ची, ३६० वॉट-अवर. फाझुआ राइड-६० ही ६० ची, ४३० वॉट-अवर. आकडे लिहून घेऊ नका, फरक पायात आहे. एसएक्स पाय भरभर फिरवले की जोर दाखवते. जड गिअरवर दाबत बसणाऱ्याला ती आळशी वाटेल. आम्ही साताऱ्याचे, यवतेश्वरचा घाट विनागिअर सायकलवर उभं राहून दाबत चढलेले, मला ती सवय मोडायला दोन महिने लागले. टीक्यूचा आवाज जवळजवळ नाहीच, जंगलात पक्षी ऐकू येतात, पण ढकलणंही तसंच सभ्य. जड बाइकवाल्या मित्रांबरोबर गेलात तर ते वर पोचून सफरचंद खात बसलेले दिसतील. हे ज्याला सहन होत नाही त्याने हलकी घेऊ नये. खरंच सांगतो.

मागून हात वर झालाय, कळलं, डीजेआयची ॲव्हिनॉक्स. हो, २०२४ पासून ती अडीच किलोची मोटर १०५ न्यूटन-मीटर देते, त्यामुळे हलकी-जड ही वाटणीच थोडी विस्कटलीय. तरी मोठी बॅटरी मोठीच राहते. मोटर हलकी झाली म्हणून वॉट-अवर हलके होत नाहीत.

बॅटरी किती पुरते? माझ्या वजनाला, कमी मदतीवर, ४०० मध्ये साधारण १२०० ते १५०० मीटर चढ. सगळं बूस्टवर, म्हणजे पूर्ण मदतीवर, केलं तर जेवणाआधी संपते. बाटलीच्या जागी बसणारी जादा बॅटरी मिळते, टीक्यूची १६०, बॉशची २५० वॉट-अवरची. आणि काका, तुम्ही मगाशी विचारत होतात पुण्याला भाच्याकरता नेता येईल का: प्रवासी विमानात १६० वॉट-अवरच्या वरची बॅटरी चालत नाही. चेक-इनमध्येही नाही, हातातही नाही. बाइक जाईल, बॅटरी इथे राहील, आणि भाचा १६ किलोची साधी सायकल चालवत तुमचं नाव काढेल.

पैसे. पाच ते दहा हजार युरो. बहुतेक जण कंपनीकडून डीनस्टराड, म्हणजे नोकरीतली सायकल, घेतात, पगारातून कापून, ३६ महिन्यांच्या लीजवर. कर किमतीच्या पाव भागाच्या फक्त एक टक्क्यावर दरमहा, म्हणून स्वस्त वाटते. पण चुकीची निवडली तर तीन वर्षं ती तुमची आहे, लक्षात ठेवा. आणि माहितीपत्रकातलं वजन बहुधा पेडलशिवायचं असतं. माझी १८ ची पेडल, बाटली, जाड टायर घालून १९ च्या वर गेली. म्हणून दुकानात जाताना बॅगा तोलायचा तो हुकाचा काटा खिशात घालून जा. आपल्या सगळ्यांच्या घरी आहे. सीटला अडकवा, उचला, आकडा वाचा. दुकानदार विचित्र बघतो, बघू दे. विमानतळावर इतकी वर्षं लोक आपल्याकडे तसेच बघतात.

ब्रेक आणि सस्पेन्शनचं राहिलं. माप चुकीचं घेऊ नका एवढंच सांगतो, बाकी... हो ताई, झालंच.

बाइक मागच्या जिन्याखाली उभी आहे, काटा हँडललाच अडकवलाय. ज्यांना उचलून बघायचीय त्यांनी वडे खाण्याआधी बघा. नंतर बोटं तेलकट असतात, आणि इथल्या हॉलच्या पायऱ्या आज आपल्यालाच पुसून द्यायच्या आहेत.