उपनगरातली लाइट रेल : जमिनीवरच्या मार्गाचा खर्च

मोठ्या शहरांच्या उपनगरांमध्ये एक जुनी अडचण आढळते. रेल्वेमार्ग शहराच्या मध्याकडे जातात, पण एका उपनगरातून शेजारच्या उपनगरात जायचे असेल तर मोटार किंवा रखडत जाणारी बस याखेरीज पर्याय नसतो. भुयारी मेट्रो परवडावी एवढी गर्दी तिथे नसते, आणि बसला पेलवणार नाही एवढी मात्र असते. अशा ठिकाणी लाइट रेल सुचवली जाते : वरच्या तारेतून वीज घेणारे दोन-तीन डबे, साधे फलाट, आणि बहुतांशी जमिनीवरूनच, रस्त्याच्या मधून किंवा जुन्या लोहमार्गाच्या कडेने जाणारे रूळ. लांबच लांब भुयार खोदायचे नाही, सलग उन्नत मार्ग उभारायचा नाही, त्यामुळे काम स्वस्तात आणि लवकर होईल, असे तिचे समर्थक सांगतात. हा युक्तिवाद चुकीचा नाही. पण ज्या जमिनीवरून हा मार्ग न्यायचा ती बहुधा आधीच कोणाच्या तरी वापरात असते, आणि अंदाजपत्रकात सर्वांत कच्चा राहतो तो नेमका हाच भाग.

याचे एक उदाहरण म्हणजे अमेरिकेतल्या मेरिलँड राज्यातील पर्पल लाइन हा लाइट रेल मार्ग. वॉशिंग्टनच्या परिसरातील बेथेस्डा आणि न्यू कॅरल्टन या ठिकाणांना तो जोडतो. त्याची लांबी सुमारे २६ किलोमीटर असून त्यावर २१ स्थानके आहेत. २०१६ मध्ये राज्य सरकारने खासगी कंपन्यांच्या समूहाशी बांधकाम, वित्तपुरवठा आणि पुढील अनेक वर्षांचे संचालन अशा एकत्रित कामाचा ५.६ अब्ज डॉलरचा करार केला. त्यात प्रत्यक्ष बांधकामाचा वाटा सुमारे २ अब्ज डॉलरचा होता, आणि २०२२ मध्ये गाडी धावणे अपेक्षित होते. मात्र करारानंतर काही महिन्यांतच, ऑगस्ट २०१६ मध्ये, एका संघीय न्यायाधीशाने प्रकल्पाची पर्यावरणविषयक मंजुरी रद्द केली. शेजारच्या मेट्रोची घटती प्रवासीसंख्या आणि तिच्या सुरक्षिततेचे प्रश्न यांचा या मार्गावर काय परिणाम होईल, हे तपासले गेले नसल्याचा आक्षेप त्यामागे होता. अपील न्यायालयाने मंजुरी पूर्ववत केल्यावर ऑगस्ट २०१७ मध्ये काम सुरू झाले. तोपर्यंत कंत्राटदार नेमलेला होता आणि त्याचा खर्चही सुरू झालेला होता.

विलंबाचा खर्च दरवाढीपुरता मर्यादित नसतो. बांधकामाचे वेळापत्रक असे रचलेले असते की आधी जमीन ताब्यात यावी, मग जलवाहिन्या, गॅसच्या वाहिन्या आणि केबल हलवाव्यात, त्यानंतर पाया, रूळ आणि शेवटी विजेच्या तारा व सिग्नल. मार्गावरचा एखादा भूखंड वेळेवर मिळाला नाही, तर त्या जागेपाशी आलेले पथक दुसरीकडे हलवावे लागते. यंत्रे भाड्याने उभी राहतात, अभियंत्यांचे पगार आणि कर्जाचे व्याज चालूच राहते, आणि अर्धवट तुकड्यांवर पुन्हा परतण्याचा खर्च वेगळा. शिवाय वाहिन्या हलवण्याचे काम अनेकदा ज्या त्या कंपनीच्या सोयीने चालते, आणि त्या कंपनीला रेल्वेच्या मुदतीशी फारसे देणेघेणे नसते.

पर्पल लाइनवर वाद झाला तो याच मुद्द्यांवर. जमीन उशिरा मिळाली, वाहिन्या हलवण्याचे काम लांबले आणि मालवाहू रेल्वेच्या शेजारी नव्या संरक्षक भिंतीची मागणी पुढे आली, अशी बांधकाम कंत्राटदाराची तक्रार होती. वाढीव खर्च कोणी सोसायचा यावर एकमत झाले नाही, आणि २०२० मध्ये कंत्राटदार काम सोडून गेला. राज्याने २५ कोटी डॉलर देऊन वाद मिटवला. पण नवा बांधकाम कंत्राटदार नेमून काम पुन्हा पूर्ण वेगाने सुरू व्हायला २०२२ साल उजाडले. नव्या करारात बांधकामाचा खर्च ३.४ अब्ज आणि एकूण करार ९.३ अब्ज डॉलरवर गेला. त्यानंतरही रक्कम वाढली, आणि उद्घाटनाची अपेक्षित तारीख २०२७-२८ च्या हिवाळ्यापर्यंत लांबली.

अमेरिकेतल्याच मिनेसोटा राज्यातील मिनियापोलिस शहरापासून ईडन प्रेअरी या उपनगरापर्यंत जाणाऱ्या साउथवेस्ट मार्गाची अडचण याहून चिवट निघाली. केनिलवर्थ या अरुंद पट्ट्यातून मालगाड्या जात होत्या. त्या दुसरीकडे वळवल्या जातील या अपेक्षेने मार्ग आखला गेला. पण ज्या शेजारच्या गावातून त्या वळवायच्या होत्या, तिथल्या रहिवाशांनी विरोध केला, आणि त्यांच्या दृष्टीने तो रास्तच होता. अखेर मालगाड्या आहेत तिथेच राहिल्या आणि नवी गाडी सुमारे अर्ध्या मैलाच्या उथळ बोगद्यातून नेण्याचे ठरले. म्हणजे जमिनीवरून जाते म्हणून निवडलेल्या मार्गाला, जमिनीवर जागा नसल्याने, भूगर्भात उतरावे लागले. रहिवासी इमारतींना खेटून खोदकाम करताना पद्धत बदलावी लागली आणि वर्षे गेली. याशिवाय मालवाहू रेल्वे कंपनीच्या अटीमुळे सुमारे एक मैल लांबीची संरक्षक भिंत उभारावी लागली. सुरुवातीचा अंदाज १.२५ अब्ज डॉलरचा होता. २०१८ मध्ये तो २ अब्ज झाला आणि पुढे २.८६ अब्जांवर पोहोचला. २०१८ मध्ये सुरू होऊ पाहणारी सेवा २०२७ पर्यंत पुढे गेली.

स्कॉटलंडची राजधानी एडिनबरा येथील ट्राममार्ग उपनगरी नसला तरी त्याचा उल्लेख आवश्यक आहे, कारण तिथे २००८ मध्ये वाहिन्या हलवण्याचे काम आणि आराखडा दोन्ही अपूर्ण असताना मुख्य कंत्राटावर सह्या झाल्या होत्या. ५४५ दशलक्ष पौंडांच्या तरतुदीत लांब मार्ग बांधायचा होता. २०१४ मध्ये ७७६ दशलक्ष पौंड खर्चून त्यातला सुमारे १४ किलोमीटरचा भाग सुरू झाला.

अंदाज इतके चुकतात, याचे खापर नेहमी कंत्राटदाराच्या लोभावर किंवा अधिकाऱ्यांच्या ढिलाईवर फोडणे सोपे असले तरी ते पुरेसे नाही. पहिला आकडा जाहीर होतो तेव्हा आराखडा प्राथमिक असतो, जमिनीखाली काय आहे हे जुन्या नकाशांवरून मानलेले असते, आणि रेल्वे कंपन्यांशी बोलणी पूर्ण झालेली नसतात. तरीही निधी मिळवण्यासाठी एक ठोस रक्कम सांगावीच लागते. मिनियापोलिसच्या मार्गाला अमेरिकेच्या केंद्र सरकारने २०२० मध्ये ९२.९ कोटी डॉलरचे अनुदान मंजूर केले. ही रक्कम ठरलेली होती, खर्च वाढला म्हणून ती वाढणार नव्हती, त्यामुळे वाढीव बोजा मुख्यतः स्थानिक यंत्रणांवर आला.

त्याच महानगरात वायव्येकडच्या उपनगरांसाठी आखलेला पुढचा मार्ग, ब्लू लाइनचा विस्तार, सुमारे आठ मैल एका मालवाहू रेल्वे कंपनीच्या जमिनीवरून जाणार होता. त्या कंपनीने जागा देण्याबाबत सहमती न दाखवल्याने २०२० मध्ये ती आखणी सोडून देण्यात आली आणि मार्ग रस्त्यांवरून नेण्याचे ठरले. त्यामुळे रेल्वे कंपनीच्या परवानगीची आता गरज उरलेली नाही. मात्र त्या रस्त्यांखालच्या वाहिन्या, दुकानांसमोरची वाहनतळाची जागा आणि काही घरे-दुकानांचे भूसंपादन हे सगळे नव्याने हिशेबात धरावे लागले आहे.