लॅमिनेटच्या पोटातला धागा

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर नजर टाकाल तिकडे पवनचक्क्या. ही पाती लोखंडाची नाहीत. काचेच्या कापडाचे थरावर थर, मध्ये बाल्सा लाकूड किंवा फोम आणि सगळ्याला धरून ठेवणारं इपॉक्सी रेझिन. थर असे एकत्र घट्ट झाले की ते लॅमिनेट. बुडाशी पातं चांगलंच जाड असतं. तिथे आतलं रेझिन कसं पकडतंय, हे बाहेर उभं राहून कळत नाही.

त्यासाठी हा धागा, म्हणजे ऑप्टिकल फायबर. काचेचाच, 125 मायक्रॉनचा, केसाएवढा. त्याच्या गाभ्यात अतिनील प्रकाशाने जाळी आखलेली आहे. 10 मिलिमीटरांत साडेअठरा हजारांवर रेघा! प्रकाशाने काच अशी कायमची बदलते, हे 1978 साली कॅनडात केनेथ हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आलं. जाळीचं नाव ब्रॅग ग्रेटिंग. ती एकच तरंगलांबी परत पाठवते, इथे 1550 नॅनोमीटरच्या आसपास. धागा दहा लाखांत एक भाग ताणला, तर ती 1.2 पिकोमीटरने सरकते (पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग). एका अंशाने तापला, तर साधारण 10 पिकोमीटरने. गोम इथेच आहे. तरंगलांबी एक आणि सरकायची कारणं दोन.

म्हणून धागे दोन. एक थेट थरांत. दुसरा बारीक नळीत मोकळा सोडलेला, रेझिन शिरू नये म्हणून नळीचं तोंड बंद केलेलं. त्याला ताण लागतच नाही, तो फक्त तापमान सांगतो. वजाबाकी केली की ताण हाती येतो.

आता पॅनेल रचणाऱ्या कारागिराचे हात बघा. धागा कापडाच्या तंतूंना समांतर ठेवला जातोय. आडवा टाकला तर त्याच्या दोन्ही बाजूंना डोळ्याच्या आकाराची पोकळी राहते, तिथे नुसतं रेझिन साचतं आणि पुढे चीर तिथूनच धरते. कापडातले तंतू दहा-वीस मायक्रॉनचे, त्यांच्यात हा धागा म्हणजे आडदांड पाहुणा. त्याला त्यांच्याच ओळीत बसवायचं. धाग्यावरचं आवरण पॉलिइमाइडचं, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकचं हवं. साधं ॲक्रिलेट 85 अंशांच्या पुढे भरवशाचं राहत नाही.

धागा तुटतो तो बहुतेक वेळा काठावर, लॅमिनेटमधून बाहेर पडतो तिथे. आत मऊ कापड, बाहेर मोकळी हवा आणि मध्ये कडक झालेल्या रेझिनची धार. म्हणून तिथे टेफ्लॉनची नळी, निम्मी आत, निम्मी बाहेर. सीलंट टेप नळीच्या खालून एक पट्टी, वरून एक पट्टी, आणि बोटाने दाबून. मग पील प्लाय (नंतर सोलून काढायचं कापड), फ्लो मेश (रेझिन पसरवणारी जाळी) आणि वरून व्हॅक्यूम बॅग, म्हणजे आतली हवा ओढून घ्यायचं प्लास्टिक. पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून गेजचा काटा बघत बसायचं. काटा सरकला, म्हणजे कुठून तरी हवा शिरतेय, तर आधी कान लावायचा तो नळीपाशीच.

जळगावचा मे महिना, दुपारी 45 अंश. तापमान 10 अंशांनी वाढलं की हार्डनर (रेझिन कडक करणारं रसायन) मिसळलेलं रेझिन वापरता येण्याचा वेळ ढोबळमानाने निम्मा होतो. म्हणून मिश्रण पहाटे, तेही थोडं थोडं. तरी ऐका: “बादली तापनी रे भो!” बादलीत मोठा गोळा एकत्र राहिला की उष्णतेला बाहेर पडायला वाट नसते. जाड लॅमिनेटचंही तेच. भरिताचं वांगं वरून करपतं आणि आत कच्चं राहतं. इथे उलट, करपायचं ते आधी आतून.

स्क्रीनवर निळी रेघ तापमानाची, लाल ताणाची. निळी चढतेय, लाल अजून नुसती थरथरतेय. रेझिन पातळ आहे, ते धाग्याला धरून ओढणार कसं? आणि इथे लाल वळली. रेझिन जेल झालं, धाग्याला त्याची पकड बसली. हा क्षण घड्याळात सापडत नाही. हार्डनरचं प्रमाण, शेडमधली हवा, कापडाची जाडी, सगळ्याने तो मागेपुढे होतो. तरीही ओव्हन घड्याळावरच चालवायचा, ही सवय आता सुटायला हवी.

मग 70 अंशांवर पोस्ट-क्युअर, म्हणजे काही तास तापवून रेझिन पक्कं करणं, आणि सावकाश थंड करणं. 70 वरून 30 वर येताना नुसत्या तापमानाने तरंगलांबी 400 पिकोमीटर उतरते. त्याहून खाली जाते तेवढा दाब लॅमिनेटच्या पोटात कायमचा मुरलाय. परत येणाऱ्या प्रकाशात एका शिखराच्या जागी दोन दिसायला लागली, तर धागा आडवा चेपला जातोय. असा मुरलेला ताण पुढे थर सुटायला, पातं वाकडं व्हायला निमित्त होतो.

साचा उघडला. पॅनेल निघालं, कडेला टेफ्लॉनची नळी लोंबतेय. आता ट्रिमिंग. काठ सरळ करायला ग्राइंडर फिरतो आणि एवढं जपलेला धागा इथेच कापला जातो. पुढच्या पॅनेलवर तो काठातून न काढता वरच्या पृष्ठभागातून काढलाय. ग्राइंडर त्याच्यापासून वीतभर लांबून जातो, आणि स्क्रीनवरची रेघ अजून चालू आहे.