सम्राज्ञीचं सोनं: १८७७ च्या दिल्ली दरबाराचं पदक

दिल्ली, १ जानेवारी १८७७. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या दरबारात जाहीर होतं की राणी व्हिक्टोरिया आता हिंदुस्थानची सम्राज्ञी, ‘कैसर-ए-हिंद’ आहे. या सोहळ्याची आठवण म्हणून संस्थानिकांना आणि बड्या अधिकाऱ्यांना सोन्याचं पदक मिळालं. इतर मानकऱ्यांना तेच पदक चांदीत. सोन्याचं एखादं आज लिलावात आलं, की जाणकार संग्राहक विक्रीतल्या बाकीच्या वस्तू बाजूला ठेवतात.

व्यास ५८ मिलिमीटर. एका बाजूला मुकुट ल्यालेली राणी आणि दरबाराची तारीख, दुसरीकडे तिचा नवा किताब, रोमनसोबत फारसी आणि देवनागरी लिपीतही. किरमिजी, सोनेरी काठाच्या फितीत ओवून ते गळ्यात घालायचं.

बडोद्याचे सयाजीराव गायकवाड त्या दरबारात होते, वय अवघं १३. आणि तिथंच पुण्याच्या सार्वजनिक सभेचे गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, शुभ्र खादी नेसून हजर होते. राणीच्या इंग्रज प्रजेला जो राजकीय आणि सामाजिक दर्जा आहे तोच हिंदुस्थानला द्या, ही त्यांची मागणी. त्याच वेळी इकडे पुणे, सोलापूर, नगर, सातारा दुष्काळात होरपळत होतं. गावंच्या गावं अन्नाला महाग झाली होती. पदकाचं वजन आणि भाव सांगताना हेही सांगितलंच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

संग्राहकापुढची खरी अडचण वेगळीच. ही पदकं दिली तेव्हा त्यांवर मानकऱ्याचं नाव कोरलेलं नव्हतं. काहींनी ते नंतर स्वतः कोरून घेतलं, तेवढंच. त्यामुळे पदक कोणत्या घराण्याचं, हे ठरतं कागदांवरून: सोबतचं पत्र, गळ्यात पदक असलेलं जुनं छायाचित्र, आधीच्या लिलावाची नोंद. हा माग पक्का असेल तर बोली सोन्याच्या भावाला कुठल्या कुठे मागे टाकते.

नकलांपासून मात्र जपावं लागतं. चांदीच्या पदकावर सोन्याचा मुलामा दिला तर डोळा फसेल, तराजू फसणार नाही. त्याच आकाराचं सोनं चांदीच्या जवळजवळ पावणेदोन पट भरतं. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा बोथट दिसतात, सपाट भागावर बारीक खड्डे असतात. फितीची कडी तुटून पुन्हा डाख दिलाय का, तेही भिंगाखाली बघावं.

आणखी एक. हातोडा पडतो ती रक्कम शेवटची नसते, वर लिलावगृहाचं कमिशन आणि कर लागतात. शिवाय १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी व्यक्तीला भारताबाहेर नेता येत नाही.

तुमच्या घरात असं पदक निघालं, तर ते चिंचेनं किंवा पावडरीनं घासू नका. मोडीत तर मुळीच काढू नका. पेटी, फीत, पत्रं, सगळं एकत्र ठेवा आणि आधी जाणकाराला दाखवा.