दुसरं कलम

पदवीधर मित्रमैत्रिणींनो, तुमचं कौतुक सकाळपासून चाललंय आणि ते तुमच्या हक्काचं आहे. मला मात्र आज एका शपथेतल्या दुसऱ्या कलमाबद्दल बोलायचंय.

१५ ऑगस्ट १५३४. पॅरिसमध्ये मोंमार्त्रच्या टेकडीवर एका लहानशा चॅपलमध्ये सात जण जमले. सगळे तुमच्यासारखे, विद्यापीठातले. इग्नेशियस लोयोला त्यांच्यात वयाने मोठा. तेहतिशीत बार्सेलोनाला पोरांच्या शेजारी बसून लॅटिन गिरवलेला. सोबत त्याचे खोलीतले दोघे, पीटर फेबर आणि फ्रान्सिस झेवियर. फेबर तेवढा धर्मगुरू झाला होता, म्हणून मिस्सा, म्हणजे भाकर-द्राक्षारसाची उपासना, त्याने अर्पण केली. सगळ्यांनी यरुशलेमला जायची शपथ घेतली. पण त्या शपथेतच त्यांनी दुसरं एक कलम घालून ठेवलं होतं: जाणं जमलं नाही, तर पोपमहोदयांपुढे उभं राहायचं आणि ते पाठवतील तिकडे जायचं.

व्हेनिसला पोचले तर तुर्कांशी युद्ध पेटलेलं. जहाज मिळेना. वाट पाहून शेवटी ते रोमकडे वळले. १५४० मध्ये त्यांच्या येशूसंघाला, म्हणजे आजच्या जेझुइट संघाला, पोपमहोदयांची मान्यता मिळाली. त्याच वर्षी भारतासाठी निवडलेला सोबती आजारी पडला, आणि झेवियरला आयत्या वेळी निघावं लागलं. ६ मे १५४२ रोजी तो गोव्यात उतरला. सगळ्यांनी मिळून यरुशलेमला जाणं काही झालं नाही. आज आपण त्यांना ज्यासाठी ओळखतो, ते जवळजवळ सगळं त्या दुसऱ्या कलमातून आलं.

माझ्या शपथेत दुसरं कलम नव्हतं. पदवीनंतर हिशेबनिसाची नोकरी ठरली होती. रुजू व्हायला आठ दिवस उरले असताना ती जागाच रद्द झाली. त्याच महिन्यात वडिलांना पक्षाघात झाला. मी घरी राहिले, चिडून राहिले. प्रार्थनेला बसले की तक्रारच तोंडात यायची. त्यांची उजवी मूठ घट्ट मिटलेली असायची. नखं तळव्यात रुतायची. मी कोमट पाण्यात हात धरून ठेवायचे, मग करंगळीपासून एकेक बोट हळूच सोडवायचे आणि नख कापायचे. अर्धा तास लागायचा. रात्री आत्मपरीक्षणाला बसले की दिवसभरातला तेवढाच अर्धा तास डोळ्यांपुढे यायचा, आणि मन निवायचं. पुढे मी पुन्हा शिकायला बसले, माझ्याहून सहा वर्षांनी लहान मुलांच्या बाकावर. आज पक्षाघाताच्या रुग्णांचे हात हेच माझं काम आहे.

देवाने ते आजारपण माझ्या पाचारणासाठी पाठवलं, असं मी कधीही म्हणणार नाही. असा देव मला शुभवर्तमानात भेटलेला नाही. पण त्या अर्ध्या तासात तो माझ्याजवळ होता, हे मी खात्रीने सांगते.

आता तुम्ही विचाराल, बंद झालेलं प्रत्येक दार देवानेच लावलं का? नाही. काही दारं अन्यायाने लावली जातात, तिथे भांडायलाच हवं. काही आपण भीतीने लावून घेतो. हे कसं ओळखायचं, ते इग्नेशियस अंथरुणावर शिकला. १५२१ मध्ये स्पेनमधल्या पाम्पलोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्याचा पाय मोडला. पडल्यापडल्या तो दोन प्रकारची स्वप्नं पाहायचा: दरबारी पराक्रमाची आणि संतांसारखं जगण्याची. दोन्ही रंगवताना गोडच लागायची. पण पहिली ओसरली की मन कोरडं पडायचं, दुसऱ्यांनंतर प्रसन्नता मागे राहायची. तेव्हा नोकरी, लग्न, परदेश, व्रतस्थ जीवन, काहीही समोर आलं तरी त्या क्षणीच्या उत्साहावर जाऊ नका. दुसऱ्या दिवशी मनात काय उरलंय ते पाहा. आणि त्याचाच दुसरा नियम घट्ट धरा: मन अंधारात असताना, उजेडात घेतलेला निर्णय बदलायचा नाही. पहिल्या नोकरीच्या तिसऱ्या महिन्यात रात्री दोन वाजता राजीनामा लिहावासा वाटेल. लिहू नका. चार दिवस जाऊ द्या, कुणा जाणत्या माणसाशी बोला, मग ठरवा.

शेवटचं. नव्या शहरात पहिल्या रविवारी तुम्हाला मिस्सेसाठी उठवायला कुणी येणार नाही. तरी जा. मिस्सा संपली की लगेच बाहेर पडू नका. धर्मगुरूंना आपलं नाव सांगा, घरात पडून असलेल्या आजाऱ्यांना कम्युनियन, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, द्यायला कोण जातं ते विचारा, आणि त्यांच्याबरोबर एका घरी जाऊन या.